तालुक्याला मंजूर झालेली आई

सन १९६१च्या ऑगस्ट महिन्यात तुळजापूर तालुक्याला कॅनडातून एक आई मंजूर झाली. मागणी बारा आयांची होती.

त्याचं असं झालं. परदेशातल्या एका संस्थेनं एक योजना काढली होती. तिकडच्या खाऊनपिऊन सुखी माणसानं इकडचं एक गरीब मूल निवडायचं, त्याला दूध पावडर, कापड, वह्या आणि लागेल ते औषधपाणी पुरवायचं, महिन्याला एक पत्र लिहायचं, आणि मुलानं त्या पत्राला उत्तर द्यायचं. मुलं तालुक्यात ढिगानं होती. आया कमी होत्या. तेव्हा आयांची मागणी नोंदवण्यासाठी एक समिती नेमण्यात आली. अध्यक्षपदी नारायणराव, हे निवृत्त हेडमास्तर आणि देवीच्या पुजाऱ्यांच्या घरातले. सदस्य हिंमतराव, ज्यांची जमीन कुठं संपते हे त्यांच्या बैलांनाही माहीत नव्हतं. आणि चिटणीस वसंतराव, तहसील कचेरीतले कारकून. निजामाच्या अमलात त्यांनी उर्दूतून मिसली, म्हणजे सरकारी फायली, लिहिल्या होत्या, आता त्या मराठीतून लिहीत होते. भाषा बदलली तरी मिसलीची जाडी त्यांनी कमी होऊ दिली नव्हती.

समितीनं बारा मुलांचे अर्ज फोटोंसह पाठवले. कॅनडातल्या हिल्डाबाई नावाच्या एका निवृत्त शिक्षिकेनं त्यातला एक फोटो उचलला. क्रमांक ४४१७, शारदा, वय नऊ, राहणार तामलवाडी, वडील वारलेले, आई नागूबाई सोलापूरच्या सडकेवर खडी फोडते. शेरा : मुलगी हुशार आहे, पण पहिल्या बाकावरूनही तिला फळा दिसत नाही. चष्मा न मिळाल्यास चौथीत नापास होऊन शाळा सुटण्याचा संभव.

हा शेरा वसंतरावांनीच लिहिला होता. मंजुरीचं पत्र वाचून त्यांना मनापासून आनंद झाला. तो समितीची बैठक सुरू होईपर्यंत टिकला.

"एकट्या पोरीला आख्खी आई?" हिंमतराव म्हणाले. "आन बाकीच्या अकरा लेकरांनी काय कुणाचं घोडं मारलंय? पुन्हा तिला सख्खी आई हायच की. एकीला दोन-दोन आया, हा कुठला न्याय झाला?"

हिंमतरावांची कळकळ खरी होती, कारण त्या अकरांत त्यांचा भाचा भीमाशंकर होता. त्याचे वडील धडधाकट होते, पण कामानिमित्त सोलापूरला राहत. सबब 'पितृछत्र अंशतः हरपलेले' या सदरात तो बसला होता.

नारायणरावांनी डोळे मिटले. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या देवीची पूजा आहे त्या घरातल्या माणसाला अशा प्रश्नाचं उत्तर शोधावं लागत नाही. "देवी एक आहे," ते म्हणाले, "आणि पुजारी किती? तरी कधी भांडण ऐकलं? ज्याची बारी असेल त्या दिवशी पूजा त्याची, नैवेद्य त्याचा, उत्पन्न त्याचं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचं. जगदंबेची वाटणी बारीनं होते, तर कॅनडाच्या बाईची का होऊ नये?"

सगळे थक्क झाले. मुलं बारा, महिने बारा. हिशोब जणू देवानंच करून ठेवला होता. वसंतराव स्वतः पुजाऱ्यांच्याच घरातले. वाटण्या होत होत त्यांच्या वाट्याला वर्षातून अर्ध्या दिवसाची बारी आली होती, आणि त्या अर्ध्या दिवसावर त्यांचा फार जीव होता. बारी म्हटल्यावर त्यांच्या तोंडून विरोधाचा शब्द निघणं शक्य नव्हतं.

"पण साहेब," त्यांनी एक बारीक शंका काढली, "तिकडच्या कागदावर शारदाचं नाव पडलंय."

"मग ज्याची बारी, तो त्या महिन्यापुरता शारदा," नारायणराव म्हणाले. "लिहून घ्या."

ठराव एकमतानं मंजूर झाला. त्या दिवसापासून शारदा हे मुलीचं नाव न राहता पदाचं नाव झालं. मिसलीत 'विद्यमान शारदा', 'माजी शारदा' आणि 'भावी शारदा' असे तीन रकाने पाडण्यात आले.

सप्टेंबरची बारी खऱ्या शारदाला मिळाली, कारण फोटो तिचा होता आणि समिती कृतघ्न नव्हती. त्या महिन्यात तिला दूध मिळालं, परकराचं कापड मिळालं. वसंतराव स्वतः तिला सोलापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, चष्म्याचा नंबर काढून आणला आणि तो कॅनडाला कळवला. महिना संपला तशी शारदा माजी झाली.

नोव्हेंबरात विद्यमान शारदा होता गुंडाप्पा. घाणेवाल्याचा मुलगा, वय अकरा. संस्थेला दर तिमाहीला ताजा फोटो लागे. फोटोवाल्यानं गुंडाप्पाच्या कानाला रिबिनी बांधल्या, मागं ताजमहालाचा पडदा सोडला आणि फोटो काढला. हिल्डाबाईंनी कौतुकानं लिहिलं की, पोर किती झपाट्यानं बदलली, कान तर ओळखूच येत नाहीत. वसंतरावांनी उत्तर पाठवलं : 'इकडील हवामान कोरडे असल्याने तसे होते.'

पत्रांचं मात्र जरा अवघड होत चाललं. मूल जे सांगेल ते वसंतराव इमानानं इंग्रजीत लिहीत. त्यामुळं सप्टेंबरच्या पत्रात वारलेले शारदाचे वडील नोव्हेंबरात घाण्यावर कामाला लागले. हिल्डाबाईंनी त्यांचं अभिनंदन करून त्यांच्यासाठी एक लोकरी सदरा पाठवला. सदरा येईपर्यंत डिसेंबर लागला होता, आणि डिसेंबरच्या शारदाला वडील नव्हते. हिल्डाबाईंचं सांत्वनाचं पत्र आलं. सदरा हिंमतरावांना बरोबर बसला.

तिसऱ्या बारीतच, म्हणजे गुंडाप्पाच्या महिन्यात, चष्मा आला.

लाकडी खोक्यात कापूस, कापसात चष्मा. भिंगं चांगली जाड. बातमी तामलवाडीला कशी पोचली कोण जाणे, पण दुसऱ्याच दिवशी नागूबाई कचेरीच्या पायरीवर बसलेली होती. आपल्या दिवसाची मजुरी बुडवून ती आली होती. अंगावरची खडीची धूळही झटकलेली नव्हती.

"सायेब, पोरीचा चस्मा आला म्हंत्यात."

"आला, नागूबाई. पण बारी गुंडाप्पाची आहे."

"ती असंल. चस्मा माझ्या पोरीच्या डोळ्याच्या मापाचा हाय न्हवं?"

"माप तिचं आहे," वसंतराव म्हणाले. "बारी गुंडाप्पाची आहे."

नागूबाईनं यावर बराच वेळ विचार केला. तिला वाटलं, आपल्यालाच काही समजत नाही. गरीब माणसाला कचेरीत नेहमी असंच वाटतं. "मंग शारदाची बारी पुन्हा कवा?"

"पुढच्या सप्टेंबरात."

"आन परीक्षा?"

"एप्रिलात."

"मंग परीक्षा फुडं ढकला की," नागूबाई म्हणाली. ती चेष्टा करत नव्हती. जिथं आई बारीनं मिळते तिथं परीक्षा पुढं ढकलायला काय हरकत, असं तिला वाटलं असावं. वसंतरावांनी मान खाली घालून 'अर्जदारास समजावून सांगितले' असा शेरा मारला.

तरीही त्यांनी बैठकीत विषय काढला. हिंमतराव भडकले. "एकीसाठी कायदा मोडला की संपलं! उद्या हरेक जण म्हनंल, माझं डोळं माझंच."

चष्मा गुंडाप्पाला देण्यात आला. त्यानं तो घातला आणि पहिल्याच दिवशी म्हशीला घराचं दार समजून आत शिरण्याचा प्रयत्न केला. डिसेंबरच्या शारदाला चष्म्यानं दिवसभर मळमळे. जानेवारीची शारदा ओढ्यात पडली. समितीच्या अहवालात नोंद झाली की, 'तीन लाभार्थींच्या प्रकृतीवर योजनेचा परिणाम स्पष्ट दिसू लागला आहे.' या काळात तामलवाडीच्या शाळेत माजी शारदा पहिल्या बाकावर बसून फळ्याच्या दिशेनं बघत असे, आणि मास्तर काय बोलतात त्यावरून फळ्यावर काय असेल याचा अंदाज करून लिहीत असे. गणितात असा अंदाज चालत नाही. सहामाहीत ती नापास झाली.

वसंतरावांच्या घरी त्यांची बायको वनमाला हे सगळं ऐकत होती. एके सकाळी वसंतराव आंघोळ करून आले तर त्यांचा स्वतःचा चष्मा जागेवर नव्हता.

"शेजारच्या बाबूरावांना दिलाय," वनमाला म्हणाली. "महिनाभर त्यांची बारी. तुमची पुढच्या वर्षी."

"अगं, मला कचेरीत जायचंय!"

"जावा की. नारायणरावांना सांगा, सवय होतेय म्हणून."

तासाभरानं तिनं चष्मा परत दिला. पण त्या तासात वसंतरावांनी स्वतःचीच मिसल उलटी धरून वाचण्याचा प्रयत्न केला होता. त्या दिवसापासून त्यांचं कामात लक्ष लागेना. आयुष्यभर त्यांनी कुणाचं वाईट केलं नव्हतं, फक्त लिहून घेतलं होतं.

अशात हिल्डाबाईंचं पत्र आलं. वय झालं आहे, मरण्याआधी एकदा शारदाला डोळ्यांनी बघायचं आहे, बोटीनं मुंबईला उतरून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येते.

समितीची तातडीची बैठक भरली. वसंतराव पहिल्यांदाच न विचारता बोलले. "खरी शारदा दाखवू या. चष्माही तिला देऊ या."

"खरी म्हणजे?" नारायणराव शांतपणे म्हणाले. "वसंतराव, बाराही खऱ्याच. फेब्रुवारीत बारी कुणाची आहे, एवढं बघा."

वसंतरावांनी रकाना बघितला. बारी भीमाशंकरची होती. वय वर्षं तेरा, ओठांवर मिसरूड, घरचं तूप खाऊन गाल वर आलेले. हिंमतरावांनी ठणकावून सांगितलं की बारी म्हणजे बारी. आपल्या भाच्यानं सहा महिने वाट पाहिली आहे. ठरावानुसार भीमाशंकरला परकर शिवण्यात आला, मिसरूड काढण्यात आलं आणि बोलण्याची मनाई करण्यात आली. तसंच 'माजी व भावी शारदांनी समारंभाच्या दिवशी शाळेच्या आवारात येऊ नये' असा हुकूम निघाला. त्याची तामील गावोगाव करण्यात आली.

समारंभ तामलवाडीच्या शाळेत झाला. संबळ वाजलं, तोरण बांधलं, हिंमतरावांनी भर उन्हात लोकरी सदरा घातला. पांढऱ्या केसांच्या, किडकिडीत हिल्डाबाई मोटारीतून उतरल्या आणि चष्मा घातलेल्या, परकरातल्या भीमाशंकरकडे बघत क्षणभर थांबल्या. पण बाई भली होती. तिनं त्याला जवळ घेतलं.

मग त्या फळ्याकडे गेल्या. वसंतराव दुभाषी म्हणून शेजारी उभे होते. बाई त्यांना म्हणाल्या, मी चार महिने घरी बसून तीन अक्षरं शिकले आहे. त्यांनी खडू उचलला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं : शारदा.

"बाई म्हणतात, वाच बघू," वसंतराव म्हणाले.

भीमाशंकरनं जाड भिंगांतून फळ्याकडे बघितलं. त्याच्यापुढं फळा पोहत होता. पोरगा हुशार. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, फळा नीट बघितला आणि मनाई विसरून फुटक्या आवाजात ओरडला, "शारदा!"

समितीनं टाळ्या वाजवल्या. हिल्डाबाईंनी वाजवल्या नाहीत. ज्या बाईनं चाळीस वर्षं वर्गात काढली तिला, चष्मा काढल्यावर वाचता येणारं मूल म्हणजे काय, हे कळायला समिती लागत नाही. त्यांनी वसंतरावांना हळू आवाजात विचारलं, हा चष्मा कुणाचा?

"काय म्हंत्यात?" हिंमतरावांनी विचारलं. "सांगा, सवय होतेय म्हनावं."

वसंतरावांना उत्तर इंग्रजीत येत होतं, मराठीत येत होतं, उर्दूतही येत होतं. त्यांनी कुठल्याच भाषेत दिलं नाही. ते सरळ वर्गाबाहेर पडले. सडक शाळेला लागूनच होती. आवारात यायची मनाई होती, सडकेवर नव्हती; म्हणून नागूबाई तिथं खडी फोडत होती, आणि माजी शारदा तिच्या शेजारी बसून शाळेतलं संबळ ऐकत होती. वसंतरावांनी तिला हाताला धरून आत आणलं, भीमाशंकरच्या कपाळावरचा चष्मा काढला आणि तिच्या डोळ्यांवर चढवला. चष्मा येऊन तीन महिने झाले होते. तिनं तो आज पहिल्यांदा घातला.

तिनं फळ्याकडे तोंड वळवलं. मग बोट हवेत धरून एकेक अक्षर लावत गेली. "शा... र... दा." आणि मग एकदम, "आगं बया! माझंच नाव हाय की!"

तिनं मागं वळून दाराकडे बघितलं. दारात नागूबाई उभी होती, पंधरा पावलांवर. तेवढ्या अंतरावरून शारदानं आईचं तोंड कधी बघितलंच नव्हतं.

"आये, तू रडतीस व्हय गं?" तिनं विचारलं.

हिल्डाबाई बाकावर बसल्या आणि त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. मग त्या एक वाक्य बोलल्या. "बाई म्हणतात," वसंतरावांनी भाषांतर केलं, "हा चष्मा पुन्हा कुणी हिच्या नाकावरून काढला, तर मी या गावातून हलणार नाही." समितीला वाटलं, आभार मानले. समितीनं पुन्हा टाळ्या वाजवल्या.

पुढचं सगळं चांगलंच झालं. पंधरा दिवसांत परदेशातून हुकूम आला की बारीची पद्धत बंद, आई फक्त क्रमांक ४४१७ची. समितीनं अहवालात लिहिलं की, समितीच्या अथक प्रयत्नांनी चष्मा अखेर गरजू डोळ्यांपर्यंत पोचला. वसंतरावांना दरडावण्यात आलं आणि मग, दुसरं कुणी इंग्रजी जाणणारं नसल्यामुळं, माफ करण्यात आलं. एप्रिलात शारदा चौथीत पहिली आली. हिल्डाबाईंनी तिला पुढं तुळजापूरला शिकायला ठेवलं. सातासमुद्रापलीकडच्या एका बाईनं मनात आणलं आणि खडी फोडणारीच्या पोरीचा जन्म बदलला, हे खरं आहे. त्यात खोट काढू नये.

इथं गोष्ट संपवली तर कुणाची तक्रार नाही. पण वसंतरावांची मिसल इथं संपत नाही. तिच्यात एक मार्चचा एक कागद आहे.

एक मार्चला सकाळी कचेरी उघडली तेव्हा पायरीवर आठ वर्षांची एक मुलगी बसली होती. केस तेलानं चापून बसवलेले, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. तिचं नाव नागम्मा. नळदुर्गाच्या पलीकडच्या, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या एका वाडीतून ती आपल्या आजीबरोबर दोन दिवसांपूर्वी निघाली होती. वाटेत एका देवळात त्या निजल्या होत्या. आजी पायरीवरच आडवी झाली होती.

"आज माझी बारी हाय," नागम्मा म्हणाली.

वसंतरावांनी रकाना बघितला. मार्च, विद्यमान शारदा : नागम्मा. रकान्यावर त्यांनी स्वतःच तांबडी रेघ मारली होती. भावी शारदांना बारी रद्द झाल्याचं कळवायला मात्र कुणी ठराव केला नव्हता.

"बारी बंद झाली, बाळ. तो अन्याय होता."

"कुनावर?"

"शारदावर."

"मंग आता?"

"आता न्याय झाला."

नागम्मानं मान डोलावली. तिला पटल्यासारखं दिसलं. "मंग माझी आई कवा मंजूर हुनार?"

'वर कळवतो', हे तीस वर्षं दिलेलं उत्तर वसंतरावांच्या तोंडाशी आलं. ते त्यांनी गिळलं आणि मिसल मिटली.

"पत्र तरी लिवा की," नागम्मा म्हणाली. "म्या सात महिनं ध्यानात ठिवलंय, काय सांगायचं त्ये. धाडलं न्हाय तरी चालंल."

वसंतरावांनी टाक उचलला आणि ती सांगत गेली तसं लिहून घेतलं. 'आई, मी नागम्मा. मला आई-वडील न्हाईत, आजी हाय. आमच्या वाडीत शाळा न्हाय. आमची शेळी व्याली, दोन करडं झाली. एक लंगडं हाय, त्ये मी ठिवून घेतलं, कारन त्येला कुनी घेत न्हाय. तुमी बऱ्या हाव का? माझा म्हैना मार्च हाय. येकतीस दिवसांचा हाय, म्हंजे मला एक दिस जास्ती मिळतो, असं आजी म्हंती.'

एवढं झाल्यावर ती उठली, आजीला हलवून जागी केलं आणि दोघी नळदुर्गाच्या वाटेला लागल्या.

वसंतरावांनी पत्राची घडी घातली, पाकिटात घातली आणि पत्ता लिहायला घेतला. तेव्हापासून ते टाक हातात धरून बसले आहेत. हिल्डाबाईंचा पत्ता टाकता येत नाही, त्या शारदाच्या आहेत. शारदा फळा वाचत होती तेव्हा आपल्याही डोळ्यांत पाणी आलं असेल, वाचकहो, आणि ते येणं योग्यच होतं. पण मुलं बारा आहेत हे आपल्याला पहिल्या ओळीपासून माहीत होतं, आणि त्यातल्या आठांची नावंसुद्धा या गोष्टीत आली नाहीत, तरी आपण ती विचारली नाहीत. समितीनं निदान त्यांना एकेक महिना देऊ केला होता.

असो. शाई वाळते आहे. आपला पत्ता काय म्हणालात?